इस्ट्रोजेन आणि पेशी : संदेश एक, अर्थ अनेक

(आरोग्यविषयक व्याख्यानमालेतील भाषण)

मंत्रालयातून एखादे परिपत्रक निघते, तेव्हा त्याच्या प्रती राज्यातील सर्व कार्यालयांत जातात. परंतु प्रत्येक कार्यालय त्यावर कार्यवाही करतेच असे नाही. ज्या कार्यालयाकडे तो विषय सोपविलेला असतो, तेथेच त्या कागदाची नोंद होते, नस्ती तयार होते आणि कामाला आरंभ होतो. इतर ठिकाणी तो कागद नुसता येऊन जातो. कागद एकच, परंतु त्याचे फलित काय होणार, हे तो स्वीकारणाऱ्यावर अवलंबून असते.

मानवी शरीराचा कारभारही बऱ्याच अंशी असाच चालतो. ग्रंथींतून निघणारी संप्रेरके रक्तात मिसळतात आणि रक्ताबरोबर शरीराच्या कानाकोपऱ्यापर्यंत पोचतात. स्त्रीच्या बीजकोशात तयार होणारे इस्ट्रोजेन हे त्यांपैकीच एक होय. मुलगी वयात येताना तिच्या शरीरात होणारे बदल, मासिक चक्र, गर्भाशयाच्या अस्तराची दरमहा होणारी वाढ, हाडांची बळकटी या सर्वांशी त्याचा निकटचा संबंध आहे. त्याचे प्रमाण मात्र अत्यल्प असते. एक मिलिलिटर रक्तात ते फार तर काहीशे पिकोग्रॅम आढळते. आणि एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लक्ष कोटीवा भाग! इतक्या सूक्ष्म द्रव्याने गर्भाशयासारख्या इंद्रियाची वाढ कशी व्हावी? आणि रक्त सर्वत्र फिरत असताना गर्भाशय आणि स्तन यांनीच त्याला एवढा ठळक प्रतिसाद का द्यावा?

या दोन प्रश्नांच्या उत्तरांचा मागोवा घेणे हा या भाषणाचा हेतू आहे. विषय प्रयोगशाळेतील वाटला, तरी त्याचा शेवट एका अगदी व्यावहारिक गोष्टीशी येऊन ठेपतो. स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणी-अहवालात 'ई.आर.' अशी दोन अक्षरे असतात. त्या अक्षरांचा अर्थ कळणे वा न कळणे यावर एखाद्या भगिनीचे आयुष्य अवलंबून राहू शकते.

संप्रेरकाचा शोध

जनावर माजावर येणे ही गोष्ट आपल्या शेतकऱ्याला नवीन नाही. या अवस्थेला शास्त्रात 'इस्ट्रस' असे म्हणतात आणि त्यावरूनच 'इस्ट्रोजेन', म्हणजे माज उत्पन्न करणारे द्रव्य, हे नाव पडले. १९२३ साली अमेरिकेतील सेंट लुई येथे एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी या दोन संशोधकांनी डुकरिणींच्या बीजकोशांतील द्रव काढून तो बीजकोश काढून टाकलेल्या उंदरांच्या माद्यांना टोचला, तेव्हा त्या माद्यांत माजाची लक्षणे दिसू लागली. १९२९ मध्ये डॉइझी यांनी अमेरिकेत आणि ॲडॉल्फ बुटेनान्ट यांनी जर्मनीत, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, गर्भवती स्त्रियांच्या मूत्रातून या गटातील 'इस्ट्रोन' हे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले. पुढे त्याहून प्रभावी असे 'इस्ट्राडिओल' हाती आले.

द्रव्य सापडले, त्याची रासायनिक घडण समजली. पण ते पेशीत जाऊन नेमके काय करते, हे कोडे सुटेना. शरीरातील बहुतेक रासायनिक क्रिया विकरांच्या साहाय्याने होतात. तेव्हा इस्ट्रोजेनही एखाद्या विकराच्या कामात भाग घेत असावे, त्या प्रक्रियेत त्याचे स्वतःचे रूपांतर होत असावे आणि त्यातूनच वाढीला लागणारी शक्ती निर्माण होत असावी, असा समज १९५० च्या दशकात दृढ झाला होता.

दिशा बदलणारा प्रयोग

शिकागो विद्यापीठातील एलवुड जेन्सन यांनी हा प्रश्नच उलटा करून पाहिला. संप्रेरक पेशीचे काय करते, हे विचारण्याऐवजी पेशी संप्रेरकाचे काय करते, हे त्यांनी विचारले. त्यासाठी त्यांनी आणि त्यांचे सहकारी हर्बर्ट जेकबसन यांनी इस्ट्राडिओलच्या रेणूत ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजन, बसविला. अशा रेणूचा प्रवास मोजयंत्राच्या साहाय्याने शोधता येतो. ही खूण केलेली अल्पशी मात्रा वयात न आलेल्या उंदरांच्या माद्यांना देण्यात आली.

निष्कर्ष स्पष्ट होता. रक्त, यकृत, स्नायू यांतून ते द्रव्य लवकरच ओसरले. गर्भाशयात मात्र ते कित्येक तास टिकून राहिले. एवढेच नव्हे, तर तेथे सापडलेले इस्ट्राडिओल रासायनिक दृष्ट्या जसेच्या तसे होते. त्याचे कसलेही रूपांतर झालेले नव्हते. म्हणजे गर्भाशयाच्या पेशीत त्याला धरून ठेवणारे काहीतरी होते, आणि केवळ या धरून ठेवण्यानेच पुढील कार्य घडत होते.

१९५८ मध्ये व्हिएन्ना येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय जीवरसायन परिषदेत जेन्सन यांनी हे काम मांडले. श्रोते अवघे पाच होते आणि त्यांतील तिघे त्याच सत्रातील इतर वक्ते होते, असे जेन्सन पुढे सांगत असत. त्याच वेळी विकर-सिद्धांतावरील सभेला मात्र मोठी गर्दी लोटली होती. परंतु विज्ञानात सभागृहातील संख्येवरून निर्णय होत नसतो. १९६६ मध्ये डेव्हिड टॉफ्ट आणि जॅक गोर्स्की यांनी उंदराच्या गर्भाशयातून इस्ट्रोजेनला धरून ठेवणारे प्रथिन वेगळे करून दाखविले. त्यालाच 'इस्ट्रोजेन ग्राही' असे म्हणतात. इंग्रजीतील त्याच्या नावाची आद्याक्षरे म्हणजेच 'ई.आर.' होत.

पेशीच्या आत काय घडते

आता या संदेशाचा पेशीतील प्रवास क्रमाने पाहू.

इस्ट्रोजेन हे शरीरात कोलेस्टेरॉलपासून तयार होणारे, स्निग्ध पदार्थांत विरघळणारे द्रव्य आहे. पेशीचे पटलही मुख्यतः स्निग्ध द्रव्यांचे बनलेले असल्यामुळे ते सहज ओलांडून इस्ट्रोजेन आत शिरते. असे ते सर्वच पेशींत शिरते. परंतु जेथे ग्राही असते, तेथेच ते टिकते.

ग्राही प्रथिन प्रामुख्याने पेशीच्या केंद्रकात असते. ते आरंभी पेशीद्रवात असते आणि संप्रेरक भेटल्यावर केंद्रकाकडे जाते, असे प्रथम मानले गेले होते. १९८४ मध्ये नव्या पद्धतींनी केलेल्या निरीक्षणांवरून या मतात दुरुस्ती करावी लागली. संप्रेरकाच्या प्रतीक्षेत असताना काही सहायक प्रथिने ग्राहीला सांभाळून असतात. ग्राहीच्या अंगात एक खोलगट जागा असते. इस्ट्रोजेनचा रेणू तीत बसला की प्रथिनाचा एक भाग, जो बाराव्या क्रमांकाचा मळसूत्री भाग म्हणून ओळखला जातो, पेटीच्या झाकणाप्रमाणे त्यावर येऊन बसतो. सहायक प्रथिने बाजूला होतात आणि अशा दोन ग्राहींची जोडी बनते.

या जोडीतील प्रत्येक ग्राहीला बोटांसारखे दोन भाग असून त्यांचा आकार जस्ताच्या अणूंमुळे टिकून राहतो. या बोटांनी ही जोडी डीएनएच्या लांबलचक धाग्यावरील विशिष्ट ठिकाण ओळखते. त्या ठिकाणी आनुवंशिक लिपीतील सहा अक्षरे, मध्ये तीन अक्षरांचे अंतर आणि पुन्हा सहा अक्षरे, अशी रचना असते. दोन ग्राहींनी दोन बाजू पकडावयाच्या, अशी ही योजना आहे.

ठिकाण सापडले तरी काम एकट्याने होत नाही. झाकण बसल्यामुळे ग्राहीच्या पृष्ठभागावर जी नवी जागा तयार होते, तेथे 'सहप्रेरक' नावाची अन्य प्रथिने येऊन जुळतात. ती घट्ट गुंडाळलेला डीएनए सैल करतात. मग त्या ठिकाणच्या जनुकाची नक्कल संदेशवाहक आरएनएच्या रूपाने उतरविली जाते आणि तिच्याबरहुकूम पेशी नवे प्रथिन तयार करते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. इस्ट्रोजेन स्वतः काहीही बांधत नाही. ते केवळ आज्ञा पोचविते. एका आज्ञेतून जनुकाच्या अनेक नकला निघतात, प्रत्येक नकलेवरून प्रथिनाचे अनेक रेणू तयार होतात आणि अशा रीतीने अल्प कारणाचे फल मोठे होते.

या नव्या प्रथिनांपैकी एक विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. इस्ट्रोजेनच्या आज्ञेवरून गर्भाशयातील पेशी प्रोजेस्टेरॉन या पुढच्या संप्रेरकाचे ग्राही तयार करतात. म्हणजे मासिक चक्रातील पहिला संदेश दुसऱ्या संदेशाच्या स्वागताची सिद्धता करून ठेवतो. तपासणी-अहवालात 'ई.आर.' बरोबर 'पी.आर.', म्हणजे प्रोजेस्टेरॉन ग्राही, का मोजतात याचे उत्तर यातच आहे. पी.आर. सापडले, तर इस्ट्रोजेनचा संदेश त्या पेशीत केवळ पोचत नसून त्याची अंमलबजावणीही होत आहे, असे समजता येते.

काम संपल्यावर ग्राही प्रथिनाची काही तासांतच विल्हेवाट लावली जाते आणि नवे ग्राही तयार होतात. आज्ञा कायमची चालू राहू नये, याचीही निसर्गाने तजवीज केलेली आहे.

जलद मार्ग

वर वर्णिलेल्या मार्गाने परिणाम दिसावयास काही तास लागतात. परंतु इस्ट्रोजेनचे काही परिणाम सेकंदांत वा मिनिटांत घडतात. कॅलिफोर्नियातील संशोधिका क्लारा सेगो यांनी १९६० च्या दशकातच अशा शीघ्र परिणामांकडे लक्ष वेधले होते. जनुकांची नक्कल होण्यास तेवढा अवधी पुरत नाही, हे उघड आहे. आज असे समजले आहे की, काही ग्राही पेशीच्या पटलाजवळही असतात आणि तेथून पेशीतील विकरांची साखळी चालू करून देतात. रक्तवाहिन्यांच्या आतील पेशींत या मार्गाने नायट्रिक ऑक्साइड तयार होऊन वाहिन्या शिथिल होतात. शासकीय परिभाषेत बोलावयाचे, तर लेखी आदेशाबरोबर तारेने कळविण्याचीही सोय आहे.

पुरुषाच्या शरीरातही

ग्राहीही एकाच प्रकारचे नाही. पहिल्या ग्राहीच्या जनुकाची रचना १९८६ मध्ये स्ट्रासबर्ग येथील पिएर शांबों यांच्या आणि शिकागोतील संशोधकांच्या प्रयत्नांनी उलगडली. १९९६ मध्ये स्वीडनमधील यान-ओके गुस्ताफसन यांच्या प्रयोगशाळेने उंदराच्या पौरुष ग्रंथीत दुसरे ग्राही शोधून काढले. पहिल्यास 'अल्फा' आणि दुसऱ्यास 'बीटा' म्हणतात. शरीराच्या निरनिराळ्या भागांत त्यांचे प्रमाण निरनिराळे असते.

पौरुष ग्रंथीत इस्ट्रोजेनचे ग्राही कशासाठी, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. इस्ट्रोजेनला आपण स्त्रीसंप्रेरक म्हणत असलो, तरी ते पुरुषांतही तयार होते. १९९४ मध्ये अमेरिकेतील वैद्यांनी एका २८ वर्षांच्या पुरुषाची माहिती प्रसिद्ध केली. त्याची उंची २०४ सेंटिमीटर होती आणि ती अद्याप वाढतच होती. त्याची हाडे मात्र ठिसूळ झाली होती. रक्तात इस्ट्रोजेनची कमतरता नव्हती. परंतु ग्राहीच्या जनुकातील एका अक्षराच्या बदलामुळे त्याच्या पेशींत अल्फा ग्राही तयारच होत नव्हते. हाडांची वाढ योग्य वयात थांबविणे आणि त्यांना बळकटी आणणे हे पुरुषांतही इस्ट्रोजेनचेच काम आहे, हे या एका उदाहरणाने जगाला कळले. संदेश येत होता. पण स्वीकारणारा जागेवर नव्हता.

कर्करोगाशी संबंध

आता भाषणाच्या मुख्य व्यावहारिक भागाकडे वळू. ग्राहीचा शोध लागण्यापूर्वी सुमारे ६० वर्षे, ग्लासगो येथील शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी एक धाडसी शस्त्रक्रिया केली होती. गाय व्यायल्यानंतर तिचे बीजकोश काढल्यास ती दीर्घ काळ दूध देत राहते, ही काही देशांतील पशुपालकांची रीत त्यांना माहीत होती. बीजकोश आणि स्तन यांचा काही आंतरिक संबंध असला पाहिजे, असा त्यांनी तर्क केला. १८९५ मध्ये त्यांनी स्तनाचा कर्करोग बळावलेल्या एका ३३ वर्षांच्या स्त्रीचे बीजकोश काढून टाकले आणि काही महिन्यांत तिच्या गाठी नाहीशा झाल्या. हा गुण कायम टिकला नाही, तरी तिचे आयुष्य वाढले. १८९६ मध्ये त्यांनी हा अनुभव प्रसिद्ध केला.

तथापि पुढे असे आढळून आले की, या उपायाने सरासरी तिघींपैकी एकीलाच गुण येतो. उरलेल्या दोघींना शस्त्रक्रियेचे कष्ट सोसूनही काही लाभ होत नसे. आणि कोणाला गुण येईल हे आधी सांगण्याचे साधन वैद्यांजवळ नव्हते. हे साधन जेन्सन यांच्या ग्राहीने दिले. ज्या गाठीतील पेशींत ग्राही असतात, ती गाठ इस्ट्रोजेनच्या आज्ञेवर वाढत असते. तेव्हा तो संदेश तोडला, तर तिची वाढ खुंटण्याचा संभव असतो. ज्या गाठीत ग्राहीच नाहीत, तिच्या बाबतीत संदेश तोडून काय साधणार? १९७१ मध्ये जेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या गाठींची तपासणी करून हे अनुमान बव्हंशी खरे असल्याचे दाखविले. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी बोलाविलेल्या तज्ज्ञ परिषदेने ग्राही-तपासणीच्या या उपयुक्ततेला मान्यता दिली. आज स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाल्यावर ही तपासणी जगभर आवश्यक मानली जाते.

उपचाराचे साधनही असेच अनपेक्षितपणे लाभले. इंग्लंडमधील एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ महिलेने १९६२ मध्ये टॅमॉक्सिफेन हे द्रव्य तयार केले. हेतू गर्भनिरोधक गोळी शोधण्याचा होता. पण त्या कामी ते निरुपयोगी ठरले. मात्र ग्राहीतील इस्ट्रोजेनची जागा ते अडवू शकते, हा गुण कर्करोगाच्या उपचारात कामी आला आणि १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये त्या उपयोगासाठी त्याला मान्यता मिळाली. टॅमॉक्सिफेन त्या खोलगट जागेत जाऊन बसते. पण त्याच्या आकारामुळे वरील झाकण नीट बसू शकत नाही. सहप्रेरकांना जुळावयास जागा मिळत नाही आणि आज्ञा तेथेच थांबते.

ई.आर. असलेल्या गाठीवर प्रारंभिक अवस्थेत उपचार झाल्यानंतर ही गोळी सुमारे ५ वर्षे नियमाने घेतल्यास, त्या ५ वर्षांत रोग उलटण्याचा धोका जवळजवळ निम्म्याने घटतो आणि पहिल्या १५ वर्षांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात, असे अनेक देशांतील रुग्णांच्या एकत्रित अभ्यासावरून दिसून आले आहे. ज्या गाठीत ई.आर. नाही, तेथे या गोळीचा म्हणण्यासारखा उपयोग होत नाही. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन प्रामुख्याने शरीरातील मेदात तयार होते. अशा वेळी त्याच्या निर्मितीलाच आळा घालणारी लेट्रोझोलसारखी औषधेही दिली जातात.

एकच औषध, दोन परिणाम

टॅमॉक्सिफेनच्या वापरातून आणखी एक गोष्ट उघडकीस आली. स्तनात इस्ट्रोजेनला विरोध करणारे हे औषध हाडांत आणि गर्भाशयाच्या अस्तरात काही अंशी इस्ट्रोजेनसारखेच वागते. त्यामुळे रजोनिवृत्तीनंतर हाडांना त्याचा लाभ होतो. परंतु गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका थोडासा वाढतो. म्हणूनच ते घेत असताना अवेळी रक्तस्राव झाल्यास वैद्यांना ताबडतोब सांगणे जरूर असते. असे का व्हावे? सहप्रेरक प्रथिनांचा संच प्रत्येक अवयवात सारखा नसतो, हे त्याचे प्रमुख कारण होय. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथे पूर्ण होते : ग्राही आहे की नाही यावर प्रतिसाद ठरतो, आणि त्याच्याभोवती सहकारी कोण आहेत यावर प्रतिसादाचे स्वरूप ठरते.

या तत्त्वाचा एक उपयोग भारतातच झाला, ही अभिमानाची गोष्ट आहे. लखनौ येथील केंद्रीय औषध संशोधन संस्थेने सेंटक्रोमन हे द्रव्य शोधून काढले. ते गर्भाशयात इस्ट्रोजेनच्या कार्यात अडथळा आणते, त्यामुळे तेथे गर्भ रुजण्यास अनुकूल स्थिती तयार होत नाही. १९९१ पासून 'सहेली' या नावाने ही गोळी मिळू लागली. पुढे राष्ट्रीय कुटुंब नियोजन कार्यक्रमात 'छाया' या नावाने तिचा समावेश झाला. पहिले ३ महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा घ्यावयाची ही गोळी म्हणजे पेशीविज्ञानातील एका तत्त्वाचे आरोग्य केंद्रापर्यंत पोचलेले रूप होय.

गावपातळीवरील कर्तव्य

श्रोतेहो, हे सर्व जाणून घेतल्यावर शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य यांनी करावयाचे ते काय, असा प्रश्न उरतो. स्तनाचा कर्करोग हा आज भारतीय स्त्रियांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. स्तनात गाठ जाणवल्यास ती दुखत नाही म्हणून, किंवा लाजेपोटी, अंगावर काढू नये, हे प्रथम घरोघरी पोचले पाहिजे. गाठीची तपासणी झाल्यावर ई.आर. आणि पी.आर. यांचा निष्कर्ष अहवालात आहे काय, हे रुग्णाच्या नातेवाइकांनी विचारावे; नसल्यास त्याविषयी वैद्यांशी बोलावे. तो कागद पुढील अनेक वर्षे जपून ठेवावा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. शस्त्रक्रिया झाली, प्रकृती सुधारली, की 'आता गोळी कशाला?' असे वाटू लागते. अंगातून वाफा येणे, सांधे दुखणे अशा त्रासांमुळेही गोळी सोडावीशी वाटते. परंतु वर पाहिल्याप्रमाणे ग्राही सतत नव्याने तयार होत असतात. कोठे एखादी रोगट पेशी दडून राहिली असेल, तर तिच्यापर्यंत संदेश पोचू नये यासाठीच रोजची गोळी असते. ती बंद करणे म्हणजे तो मार्ग पुन्हा खुला करणे होय. त्रास होत असल्यास वैद्यांना सांगावे, औषध बदलून मिळू शकते; पण परस्पर थांबवू नये. खर्चाची अडचण असल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे, ही माहिती रुग्णाच्या घरी पोचविणे हे पंचायत सदस्याचे सहज साध्य होणारे काम आहे.

१९५८ साली पाच श्रोत्यांपुढे मांडलेला एक विचार आज जगभरातील स्त्रियांचे प्राण वाचवीत आहे. जेन्सन यांचे २०१२ मध्ये निधन झाले. त्यांनी दाखविलेले सत्य साधे आहे : संदेश कितीही मोलाचा असला, तरी तो ओळखून स्वीकारणारा असल्याखेरीज त्यातून काही निष्पन्न होत नाही. पेशीला लागू असलेला हा नियम आरोग्याच्या ज्ञानालाही लागू आहे. ते ज्ञान प्रयोगशाळेतून निघून जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत आलेले आहे. तेथून ते वस्तीवरच्या घरापर्यंत पोचविणे हे आता आपणा सर्वांचे काम आहे.